उभा आहे, म्हणजे बरा आहे

गाय ऑपरेशननंतर उभी राहिली की डॉक्टर जेवायला बसतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. मी पशुवैद्यक शिकलो ते गाई-म्हशींच्या अंगावर. कुत्रं अभ्यासात होतं, पण शेवटच्या बाकावर. गाय बसूनच राहिली, मान टाकली, तर समजायचं की गोष्ट हाताबाहेर चालली. चारी पायांवर उभी राहिली, तर मालकाच्या पाठीवर थाप मारायची आणि हात धुवायचे. हा नियम मी गोठ्यातून उचलला आणि जसाच्या तसा कुत्र्यांना लावला. एक-दोन वर्षं नव्हे, सतरा वर्षं.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून एखादी बातमी काढायची तर आधी तुमच्या लल्लनला चहा पाजावा लागतो. तरी आता बोलायला हवं. का, ते पुढे येईलच.

माझा जन्म काशीतल्या दूधविनायकाचा, म्हणजे मराठी वस्तीतला. घरात पौरोहित्य. मुलगा गाईंचा डॉक्टर होणार म्हणून वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. पुढे मी मोठ्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला, तेव्हा ते म्हणाले, भैरवाचं वाहन आहे, चालेल. पण घरात पाऊल ठेवायच्या आधी आंघोळ. आजही मी मागच्या दारानं, नळावरून घरात शिरतो.

लल्लन दवाखान्यात माझ्या मदतीला पहिल्या दिवसापासून आहे. रामनगरचा. पूल ओलांडून सायकलनं येतो. आधी एक्क्याच्या घोड्यांची देखभाल करायचा. एक्के गेले, तसा माझ्याकडे आला. कुत्रं कसं धरावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो नुसता जवळ बसतो, आणि कुत्रं आपणहून त्याच्या मांडीवर हनुवटी टेकतं.

आता त्या कपाटाबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे.

दुखण्यावरची औषधं ढोबळमानानं दोन जातींची. एक सूज उतरवणारी, आपण डोकं दुखलं की घेतो त्यांच्या नात्यातली. दुसरी अफूच्या कुळातली, मॉर्फिन आणि त्याची भावंडं. पोट चिरलं, हाड कापलं, तर पहिल्या जातीचं औषध एकटं पुरत नाही. तिथे दुसरं लागतं. पण अफूचं नाव आलं की सरकार येतं, आणि ते बरोबरच आहे. गाझीपूरचा सरकारी अफू कारखाना इथून फार लांब नाही, आमच्या भागात अफू म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. परवानगी काढायला मी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. अखेर मिळाली. लोखंडी कपाट घेतलं, दोन कुलपांचं. एक किल्ली माझ्या जानव्याला, दुसरी लल्लनच्या करगोट्याला. प्रत्येक कुपी कुणाला दिली, किती दिली, उरलेली कुणासमोर टाकली, हे सगळं वहीत लिहायचं. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर परवाना जाणार, वर पोलिसांची भानगड.

मग मी काय केलं? कुत्र्यासाठी ते कपाट कधी उघडलंच नाही. कुप्या आल्या, कपाटात बसल्या, त्यांची मुदत संपली. मग अर्ज करायचा, अधिकारी यायचे, त्यांच्यासमोर एकेक कुपी फोडायची, पंचनामा करायचा आणि नव्या मागवायच्या. एकदा ते अधिकारी वही चाळून म्हणाले, ऐसा साफ रजिस्टर पूरे ज़िले में नहीं है. मला बरं वाटलं होतं. घरी जाऊन मी ते बायकोला सांगितलं होतं. आपणहून सांगितलेली ती बहुधा माझी एकमेव बातमी.

आणि शेजारच्या खोलीत कुत्री उभी असायची.

तुम्ही विचाराल, तुम्हाला कळत नव्हतं का? कळू नये अशी सोय आम्ही करून ठेवली होती. जनावराला आपल्यासारखं दुखत नाही, असं आमचे मास्तर म्हणायचे. थोडं दुखलेलं चांगलं, म्हणजे कुत्रं उड्या मारत नाही आणि टाके तुटत नाहीत, असंही म्हणायचे. आणि तिसरा, मी म्हणालो तो गाईचा नियम. या तिघांनी मिळून माझी झोप सांभाळली.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून विमलमावशी राहतात. माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. सगळ्या गल्लीच्या मावशी. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, कुत्रं मात्र कायम पाळलं. गल्लीतलंच, देशी. नाव अस्सल मराठी ठेवायचं हा त्यांचा हट्ट. त्या वेळी खंड्या होता. गल्लीतले लोक त्याला खंडवा म्हणायचे आणि तो दोन्ही नावांना ओ द्यायचा.

श्रावणात खंड्यानं कुणाच्या तरी हातून पडलेलं मक्याचं भाजलेलं कणीस दाण्यांसकट, दांड्यासकट गिळलं. दांडा आतड्यात अडकला. तीन दिवस उलट्या झाल्यावर मावशी त्याला घेऊन आल्या. मी पोट उघडलं, दांडा काढला, आतडं शिवलं. हात चांगला चालला होता माझा. अशी ऑपरेशनं तेव्हा बनारसमध्ये कोण करत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. खंड्या उभा होता. दुपारी आल्या तेव्हाही उभा. मान खाली, पाठीला बाक, पोट वर ओढून घेतलेलं. मध्येच पुढचे पाय लांब पसरून छाती जमिनीला टेकवायचा, मागचा भाग वरच, जणू साष्टांग घालायला निघालाय आणि अर्ध्यावर थांबलाय. मग पुन्हा उभा.

मावशी बाकावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अरुण, हा बसत का नाही रे?"

"उभा आहे म्हणजे बरा आहे, मावशी."

"डोळे बघ त्याचे."

"भुलीचा असर आहे."

"काही द्यायला नाही का तुझ्याकडे? बिलकुल काहीच?"

मी म्हणालो, जनावरांसाठी असलं काही मिळत नाही. हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते म्हणताना माझी पाठ कपाटाच्या मुठीला टेकलेली होती. लल्लन बादली घेऊन दारातून जात होता. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गेला.

तिसऱ्या दिवशी त्या खंड्याला घरी न्यायला आल्या. रिक्षात चढवताना त्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि जन्मात कुणावर न गुरगुरलेलं ते कुत्रं त्यांच्या मनगटाला चावलं. चांगलंच चावलं. मी जखम धुऊन दिली. मावशी म्हणत होत्या, माझंच चुकलं, मी तसं उचलायला नको होतं. मी ते त्यांना म्हणू दिलं.

खंड्या जगला. माझ्या कागदावर ऑपरेशन यशस्वी. मावशींनी डबाभर साटोऱ्या पाठवल्या, त्या मी खाल्ल्या. त्यानंतर मात्र त्या दवाखान्यात आल्या नाहीत. खंड्या पुढे सहा वर्षं होता. त्याची सुई-टोचणी त्यांनी दुसरीकडून करून घेतली. गल्लीत भेटलो की चौकशी व्हायची, आईच्या गुडघ्यांची, माझ्या मुलीच्या परीक्षेची. कुत्र्याची नाही.

माझ्या नियमाला पहिला धक्का दिला तो एका तऱ्हेवाईक गिऱ्हाइकानं. मिश्राजी म्हणून निवृत्त भूलतज्ज्ञ होते, माणसांचे. त्यांची राणी नावाची लॅब्रॅडॉर. गर्भाशयात पू झाला होता, काढावं लागलं. ऑपरेशननंतर इतर मालक बाहेर चहा पितात, तसे हे गेले नाहीत. आत स्टूल मागवून राणीजवळ बसले, जांघेत बोट ठेवून तिची नाडी मोजू लागले आणि मला म्हणाले, "दर्द के लिए क्या दिया?"

मी सूज उतरवणाऱ्या सुईचं नाव सांगितलं. म्हणालो, बुखारालाही चालते.

"डॉक्टर साहब, पेट आपने चीरा है। बुखार उसको है नहीं।"

मी म्हणालो, खडी है, मतलब ठीक है.

त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. "मेरे वार्ड में कोई औरत ऑपरेशन के बाद दो घंटे पलंग पकड़कर खड़ी रहती, बैठने की हिम्मत न होती, तो मैं काग़ज़ पर क्या लिखता? ठीक है?"

मग त्यांची नजर कपाटावर गेली. यात काय आहे विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, चाबी.

किल्ल्या त्यांना देता येत नव्हत्या. लल्लननं आणि मी आपापल्या काढल्या. दुसरं कुलूप गंजलं होतं, त्यात तेल सोडावं लागलं. मोजून औषध भरलं, दिलं, वहीत लिहिलं. वहीत लिहायला मला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांना मी सतरा वर्षं भीत होतो.

अर्ध्या तासानं राणीचे मागचे पाय वाकले. ती बसली, मग कुशीवर कलंडली, एक मोठा सुस्कारा टाकला आणि झोपली. पाय सैल, जीभ थोडी बाहेर. लल्लन बराच वेळ बघत होता. म्हणाला, "डाकसाब, ये तो सो गई। हम तो समझे थे ऑपरेशन के बाद ये लोग सोते ही नहीं।"

कुत्रं दुखण्यातून सुटलं याचा आनंद व्हायला हवा होता. मला मागची सगळी उभी कुत्री दिसायला लागली.

मिश्राजी त्यानंतर दर आठवड्याला यायला लागले. बनारसमध्ये निवृत्त माणसानं घाटावर बसावं. हे माझ्या ऑपरेशनच्या खोलीत बसायचे. त्यांनी मला जे शिकवलं ते एका दमात सांगता येईल, पण अंगवळणी पडायला वर्षं गेली. औषध दुखल्यावर द्यायचं नाही, कापायच्या आधी द्यायचं. एकदा दुखणं पेटलं की दुप्पट पाण्यानंही विझत नाही. एकाच औषधावर सगळा भार टाकायचा नाही: नस जागच्या जागी बधिर करायची, सूज उतरवणारं द्यायचं आणि अफूच्या कुळातलं, असे तिघे मिळून ओझं उचलतात, म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं पुरतं. आणि दर काही तासांनी कुत्र्याकडे जाऊन परीक्षा घ्यायची. लांबून बघायचं, नाव घेऊन बोलवायचं, मग जखमेच्या शेजारी दोन बोटांनी हलकं दाबायचं. वळून बघतं का, अंग चोरतं का, कण्हतं का. त्याचे गुण मांडायचे. गुण जास्त आले तर पुढची सुई. घड्याळ बघून नव्हे, कुत्रं बघून.

एकदा फजिती झाली तीही सांगतो. साड्यांच्या एका बड्या व्यापाऱ्याचा पामेरियन होता. ऑपरेशन छान झालं, औषध वेळेवर दिलं, आणि जागा झाल्यावर त्यानं जो सूर लावला तो रस्त्यापलीकडच्या लस्सीवाल्यापर्यंत पोचला. शेठाणी रडायला लागल्या. मी घाबरून आणखी मॉर्फिन भरायला घेतलं. मिश्राजी त्या दिवशी नव्हते. लल्लननं माझा हात धरला. म्हणाला, डाकसाब, आधी हात लावून तर बघा. मी जखमेशेजारी दाबलं. कुत्र्याला त्याचं काहीच नव्हतं. ते भिंतीकडे बघून गात होतं.

"इसको दरद नहीं है," लल्लन म्हणाला. "इसको चढ़ गई है। हमारे मोहल्ले में होली पर आधे लोग ऐसे ही रोते हैं।"

अगदी खरं होतं. काही कुत्र्यांना हे औषध नशेसारखं चढतं. दुखत नसतं, पण जीव बावरतो. त्याला आणखी तेच दिलं असतं तर श्वास मंदावला असता. दिवा बंद केला, खोली शांत केली, जीव स्वस्थ करणारं थोडंसं दुसरं औषध दिलं. गाणं थांबलं. एवढं शास्त्र शिकलेल्या मला ते भांग ओळखणाऱ्या माणसाकडून कळलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मालक विचारतात, मॉर्फिन म्हणजे नशेचं ना, लत लागेल का? त्यांना सांगतो, दोन-चार दिवस दुखण्यापुरतं दिलेलं औषध वेगळं. आणि लागलीच लत, तरी तुमच्या कुत्र्याला दुकान कुठाय ते माहीत नाही.

हे सगळं आता माझ्याकडे नेहमीचं झालं आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावरून उठलेलं एकही कुत्रं या औषधाशिवाय उठलेलं नाही. शहरातले दुसरे डॉक्टर येऊन माझा गुणांचा तक्ता उतरवून नेतात. मी देतो. फुशारकी म्हणा हवं तर.

यंदा फाल्गुनात विमलमावशी दवाखान्यात आल्या. खंड्यानंतर पहिल्यांदा. आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्यात, पाठ तशीच ताठ. दोन शेजारी चादरीच्या झोळीत त्यांच्या कुत्रीला घेऊन आले होते. पिठी तिचं नाव, तांदळाच्या पिठीसारखी पांढरी. चार दिवसांपूर्वी गल्लीच्या कोपऱ्यावर मोटरसायकलनं उडवलं होतं. कुणीतरी पट्टी बांधून दिली होती, ती सोडल्यावर दिसलं, मागचा डावा पाय गुडघ्यापासून खाली काळा पडला होता. वाचवण्यासारखा नव्हता.

मी सांगितलं, पाय काढावा लागेल. तीन पायांवर कुत्रं उत्तम जगतं, धावतं.

मावशी म्हणाल्या, "ते असेल. मला सीधी गोष्ट सांग. खंड्यासारखं होणार?"

"नाही होणार."

"तेव्हाही तू याच चेहऱ्यानं सांगितलं होतंस, बरा आहे म्हणून. मी ऐकलं. आता कशाच्या जोरावर ऐकू?" पिठीच्या कानामागे त्यांची बोटं फिरत होती. "तसं होणार असेल तर नको रे. तिला झोपेची सुई दे, मी जवळ बसते. शांत मरू दे."

मी म्हणालो, मावशी, आता औषध आहे.

"आता म्हणजे कधीपासून?"

गणिताच्या बाई. मधली पायरी गाळलेली त्यांना कधी चालली नाही. नवीन निघालंय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. दवाखान्यातल्या सगळ्यांनी मान डोलावली असती. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला दिसलं, की हे वाक्य त्यांना पटणार नाही आणि त्या पिठीला झोळीत घालून परत नेतील. सहा वर्षांची कुत्री, हृदय ठणठणीत, फक्त एक पाय गेलेला. ती माझ्या जुन्या खोट्यापायी मरणार होती.

लल्लन कपाटाशी उभा होता. तो बाजूला सरकला.

"औषध तेव्हाही होतं," मी म्हणालो.

"कुठे?"

"या कपाटात. तुम्ही या बाकावर होतात. मी इथे उभा होतो."

"मग?"

"लिहायला लागलं असतं. चूक झाली तर परवाना जाईल अशी भीती होती. आणि तो उभा होता, म्हणून मी म्हटलं, चालतंय."

"आणि मला नाही म्हणालास."

"हो."

बाहेर कुणाचं तरी पिल्लू केकाटत होतं, मालक त्याला गप्प करत होता. मावशींनी मनगटावरचा पदर बाजूला केला. व्रण अजून होता.

"मी त्याला बोलले रे," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर त्याला म्हणाले, तू खराब निघालास. सहा वर्षं तो माझ्यापासून लांब निजायचा. मला वाटायचं, शरमेनं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"काप तिचा पाय. पण सुई माझ्या डोळ्यांपुढे भर. आणि मी इथून हलणार नाही."

मावशींच्या डोळ्यांपुढे भरली. कपाट उघडलं, कुपी त्यांना वाचून दाखवली, किती घेतलं ते दाखवलं. अर्ध्या तासानं पिठीच्या पापण्या जड झाल्या. मग भूल. मग मांडीच्या वरच्या बाजूला नस शोधून ती बधिर केली, आणि त्यानंतर चाकू. हाड कापताना मी नेहमी नाडीकडे कान ठेवतो. नुसत्या भुलीत असलेलं कुत्रंही आतून ओरडतं, ते नाडीत ऐकू येतं. पिठीची नाडी जागची हलली नाही. शेवटचे टाके घालताना मात्र श्वास मंदावला. मॉर्फिनचा उतारा टेबलावर भरून ठेवलेला असतो; माझा हात त्याच्यावर गेला. लल्लननं श्वास मोजायला सुरुवात केली. मी भुलीचं औषध कमी केलं आणि थांबलो. मिनिटभरानं छाती पुन्हा नीट हलू लागली. उतारा लागला नाही. बरं झालं, तो दिला असता तर श्वासाबरोबर दुखणंही परत आलं असतं.

पुढचे तीन दिवस मावशी सकाळी आठला यायच्या आणि दवाखाना बंद होताना जायच्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. सगळं लल्लनमार्फत. "लल्लन, डॉक्टरांना सांग, ती पाणी प्यायली." मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो. तो इमानेइतबारे वळून मला सांगायचा, माताजी कहत हईं, पानी पी लिहलस. गुणांचा तक्ता त्यांनी स्वतःकडे घेतला. पहिल्याच संध्याकाळी लल्लनकरवी निरोप आला, की डॉक्टरांची बेरीज चुकली आहे, सात आणि चार अकरा होतात, बारा नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणालो, आता तुम्ही दाबून बघा. टाक्यांच्या शेजारी, दोन बोटांनी.

त्यांचा हात पुढे आला आणि हवेत थांबला. चावलेलाच हात होता. लल्लन पिठीच्या डोक्याशी सरकला, मी त्याला खुणेनं मागे केलं. मावशींनी बोटं टेकवली. दाबलं. पिठी पसरून पडली होती, भाकरीचा तुकडा चघळत. तिनं मान वळवली, कोण आहे ते बघितलं, आणि पुन्हा भाकरीला लागली.

मावशींनी तक्त्यावर शून्य मांडलं. वाटोळं, ठळक शून्य, वर्गात फळ्यावर काढायच्या तसं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. त्या खोलीत मी पुष्कळ ऑपरेशनं केली, लोकांनी पाय धरले, मिठाई दिली. त्या शून्याएवढं मला कुणी काही दिलेलं नाही.

"माताजी," लल्लन म्हणाला, "आपकी बिटिया वो रोटी खा रही है जो हमारी थी।"

टाके काढायच्या दिवशी पिठी चालत आली. रिक्षा नाक्यापर्यंतच होती, पुढे स्वतः. माझ्या टेबलावर तिला उचलून ठेवलं तर खाली उतरायची घाई. टाके निघाले, पट्टा घातला. मावशी बाकावर बसल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही. खंड्याच्या वतीनं म्हणणारी मी कोण?"

"नका म्हणू."

"मला सांगितलंस. आणखी कितीजणांना सांगायचं बाकी आहे?"

मी म्हणालो, पुष्कळ. बरेचसे गाव सोडून गेले. काही नाहीत आता.

"मग लिही कुठेतरी. छापून येऊ दे. अक्षर तुझं बेकार आहे, पण छापणारे लावून घेतील." त्या उठल्या. "आणि नुसतं रडगाणं लिहू नकोस. औषध काय, कधी द्यायचं, कुत्रं बसत नसेल तर मालकानं डॉक्टरला काय विचारायचं, ते लिही. लोकांना विचारता आलं पाहिजे. मला आलं होतं, पण मी एकदाच विचारलं."

तर तुमच्याकडे कुत्रं असेल आणि त्याच्यावर कधी चाकू चालवावा लागला, तर डॉक्टरला विचारा, दुखण्यावर काय देणार, कापायच्या आधी देणार का, आणि घरी गेल्यावर काय. नाही म्हणाला तर पुन्हा विचारा. आणि ज्यांची कुत्री त्या सतरा वर्षांत माझ्याकडे उभी राहिली, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर ते तुमच्यावर गुरगुरलं त्यात त्याचा दोष नव्हता. तुमचाही नव्हता.

मावशींना सोडायला मी पायरीपर्यंत गेलो. समोरच्या गच्चीवरून एक माकड लस्सीवाल्याच्या छपरावर उतरलं. पिठीनं ते बघितलं, एकदा भुंकली, पट्ट्याला झटका दिला आणि सुटली. तीन पायांचा तो ठेका, टक-टक-धप, टक-टक-धप, रस्त्याच्या कडेकडेनं, गाईच्या पोटाखालून, थेट छपराखाली. माकड वर सरकलं. लल्लन दारात टाळ्या पिटत होता.

मावशी पदर खोचून तिच्यामागे निघाल्या होत्या, भररस्त्यात ओरडत, "अगं थांब, तुला तीन आहेत, मला दोनच!"